‘मॅडम, जरा टक्के कमी करून द्या’

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणाऱ्या बाई ठाण्यातल्या एका अनुदानित पदवी महाविद्यालयात सोळा वर्षं ग्रंथपाल आहेत. हाताखाली एकच अटेंडंट. कॉलेजात दोन विषयांची पीएच.डी. केंद्रं असल्यामुळे ‘प्लॅग रिपोर्ट’ (पेपरचा किती टक्के मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी जुळतो, याचा सॉफ्टवेअरचा अहवाल) काढून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. गेल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या एका ज्येष्ठ सरांनी ठाणे खाडीवरचा आपला पेपर आणला आणि ‘दहा टक्क्यांच्या आत बसवून द्या’ म्हणाले. पेपर कुठे जाणार हे बाईंनी सहज पाहिलं. तीन दिवसांत स्वीकृती, साडेतीन हजार रुपये, पहिल्या पानावर पाच-सहा लोगो. शंका आली, पण त्या बोलल्या नाहीत. पेपर छापून आला. आता सरांच्या कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, छाननीत समितीने तो बाजूला काढला, कारण ती वेबसाइट एका खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) उचलून चालवलेली निघाली. सर दुखावले आहेत. बाईंना तेव्हा शंका आली होती, हे त्यांना ठाऊक नाही. त्यातच प्राचार्यांनी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, तोंडावर ‘लायब्ररीने रिसर्च सपोर्ट सेल सुरू करावा’ असं सांगून टाकलं. बाई विचारतात, “मी तेव्हा बोलायला हवं होतं का? माझी पीएच.डी. नाही, विषय मला कळत नाही, काम देवघेवीचं. प्राध्यापकांना कुठे छापा, कुठे छापू नका हे सांगणारी मी कोण? आणि एकटीने हा सेल चालवायचा कसा?”

नमस्कार मॅडम,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते, म्हणजे ते लोंबकळत राहायला नको. हो, बोलायला हवं होतं. पण हे सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल असताना एक तरुण शिक्षिका अशाच एका ‘इंटरनॅशनल’ जर्नलचा मेल दाखवायला आली होती. पैसे भरून झाले होते. मेल पाहताक्षणी मला शंका आली. तिच्या दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. मी पेढा घेतला, अभिनंदन म्हटलं आणि संध्याकाळच्या गाडीत ठाणे येईपर्यंत स्वतःला समजावत राहिले की हे काही आपलं काम नव्हे. तेव्हा तुमची रुखरुख माझ्या ओळखीची आहे.

तुम्ही गप्प का बसलात, ते बघू. तुम्ही धरून चाललात की वाटा दोनच आहेत : एक तर ‘सर, हे जर्नल बोगस आहे’ असा निकाल द्यायचा, नाहीतर मुकाट्याने रिपोर्ट काढून द्यायचा. निकाल द्यायला पुरावा हाताशी नव्हता, सर वयाने आणि मानाने मोठे. मग उरलं काय? पण ‘सर, संपादक मंडळावर या विद्यापीठातल्या बाईंचं नाव आहे, त्यांना दोन ओळींचा मेल टाकून बघू या का?’ एवढं विचारता आलं असतं. यात कुणावर आरोप नाही. नकली वेबसाइटवर खऱ्या प्राध्यापकांची नावं बहुधा त्यांना न विचारता घातलेली असतात. ‘माझा या जर्नलशी संबंध नाही’ असं उत्तर आलं असतं, तर निर्णय सरांनीच घेतला असता, आणि तुम्ही फक्त सोबत मेल लिहिणाऱ्या ठरला असतात.

आता ‘मी कोण’ या प्रश्नाकडे येते, कारण तुमच्या पत्रात तोच तीन वेळा येतो. वाशीच्या एपीएमसीत एप्रिलमध्ये एकदा तरी चक्कर मारली असेल तुम्ही. पेटीवर ‘देवगड’ छापलेलं, आत कर्नाटकचा आंबा, हा खेळ तिथे नवा नाही. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तरी तो थांबलेला नाही. तिथे पेटी घेणाऱ्याला कलम बांधता यायला लागत नाही. तो देठाजवळ वास घेतो, खालच्या थरातला आंबा वर काढायला लावतो, माल कुठून आला ते विचारतो. तुम्हाला खाडीतले शिंपले ओळखता येत नाहीत, हरकत नाही. पेपरमधलं विज्ञान तपासायला जर्नलचे परीक्षक असतात. ते परीक्षक खरोखर आहेत का, हे बघणं तुमच्या विद्येत बसतं. आणि मान-पानाचंच म्हणाल तर यूजीसीच्या वेतनश्रेणीत कॉलेजचा ग्रंथपाल सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीने बसतो. कॅस तुम्हालाही लागू आहे. हे प्राध्यापकांना माहीत नसेल एक वेळ, पण तुम्ही विसरून चालणार नाही.

पैसे घेऊन न तपासता छापणाऱ्या जर्नलांसाठीचा ‘प्रिडेटरी’ हा शब्द आज प्रत्येक प्राचार्यांच्या तोंडी आहे, तो मुळात एका ग्रंथपालाचा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर कॅम्पसवरचे जेफ्री बील यांनी तो २०१०च्या सुमारास वापरात आणला आणि अशा प्रकाशकांची यादी ठेवायला सुरुवात केली. ती यादी जगभर वापरली गेली, तिच्यावर टीकाही भरपूर झाली, आणि जानेवारी २०१७ मध्ये ती इंटरनेटवरून नाहीशी झाली. एका माणसाच्या यादीवर अख्खं जग विसंबलं की असंच व्हायचं. आपल्याकडे यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीचंही थोडं तसंच झालं. २०१९ पासून सगळ्यांनी ‘केअरमध्ये आहे ना?’ एवढंच विचारायची सवय लावून घेतली. नकली वेबसाइटवाल्यांनी केअरमधल्याच जर्नलांची नावं उचलली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केल्याचं जाहीर केलं, जर्नल पारखण्याचे काही निकष सुचवले आणि पारखायचं काम संस्थांवर सोपवलं. म्हणजे जे काम सरांच्या छाननी समितीने पेपर छापून आल्यावर केलं, तेच छापण्याआधी करण्याची जबाबदारी आता कॉलेजवर आहे. कॉलेजात ते कोण करणार? ज्याला आयएसएसएन म्हणजे काय हे कळतं तो.

आयएसएसएनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. हा आठ अंकांचा क्रमांक म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारी खूण. दर्जाशी त्याचा काही संबंध नाही, जसा आधार क्रमांकाचा चारित्र्याशी नाही. प्राध्यापक मात्र ‘आयएसएसएन आहे हो’ असं हळदीकुंकू लावल्यासारखं सांगतात. तुम्ही तो क्रमांक आयएसएसएन पोर्टलवर टाका, तिथे नोंदलेलं नाव, देश, प्रकाशक आणि वेबसाइट बघा आणि समोरच्या वेबसाइटशी ताडा. सरांच्या बाबतीत एवढ्या पाच मिनिटांत गोम सापडली असती. मग डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक. जर्नलमधल्या जुन्या दोन-चार लेखांचे डीओआय घेऊन डीओआय डॉट ओआरजीवर टाकायचे. ते उघडलेच नाहीत किंवा भलत्याच ठिकाणी गेले, तर समजायचं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या जर्नलांच्या सूची, आणि डीओएजे ही मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांची सूची, यांचे लोगो वेबसाइटवर दिसले की तिथे थांबायचं नाही. त्या त्या ठिकाणच्या मूळ यादीत जाऊन नाव शोधायचं, आणि जर्नलची वेबसाइट उघडायची ती त्या यादीतल्या दुव्यावरून, मेलमधल्या दुव्यावरून नव्हे. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचने अशा चोरलेल्या जर्नलांची एक यादी ठेवली आहे, तीही बघावी. आणि शेवटी एक अंक नुसता चाळायचा. एकाच अंकात खाडीतले जलचर, जीएसटीचे परिणाम आणि संतवाङ्मयातील पर्यावरण असं सगळं सुखाने नांदत असेल, तर परीक्षक कोण मिळाले असतील याचा अंदाज येतो.

फक्त पैसे मागितले म्हणून जर्नल वाईट ठरवू नका. मुक्त प्रवेशाची अनेक चांगली जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात, काही तर डोळे पांढरे होतील इतकं. उलट डीओएजेमधली निम्म्याहून अधिक जर्नलं एक पैसाही घेत नाहीत, आणि ही गोष्ट प्राध्यापकांना कुणी सांगितलेलीच नसते. ती तुम्ही सांगा. शुल्कात सवलत मागायची असेल तर ती पेपर पाठवण्याआधी मागावी लागते, हेही सांगा. आणि डीओएजेसुद्धा आंधळेपणाने घेऊ नका. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने मुद्दाम चुका भरलेला एक खोटा पेपर मुक्त प्रवेशाच्या ३०४ जर्नलांकडे पाठवला, १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. स्वीकारणाऱ्यांत तेव्हाच्या डीओएजेमधलीही नावं होती. त्यानंतर त्यांनी आपले निकष कडक केले.

आता तुमचं खरं दुखणं, टक्के. ‘टक्के कमी करून द्या’ ही मागणी तुम्ही सोळापैकी निदान सहा वर्षं मुकाट पुरी करत आला असाल. ती बंद करा. सेल सुरू व्हायच्या आधी बंद करा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर अशा पायऱ्या आहेत. त्यातला तो एक आकडा सगळ्यांनी परीक्षेच्या पासिंगसारखा पाठ केला. पण त्याच नियमांत काय मोजायचं नाही तेही लिहिलं आहे : श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, समीकरणं, कायदे, रूढ संज्ञा, आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळलेली शब्दरचना. हे वगळण्याची बटणं न दाबता काढलेला २८ टक्क्यांचा रिपोर्ट घेऊन एखादी विद्यार्थिनी रडत येते, आणि दुसरीकडे कुणाची तरी कल्पनाच्या कल्पना उचललेला पेपर ४ टक्क्यांत छान बसतो. सॉफ्टवेअर शब्द जुळवून दाखवतं. चोरी झाली का, हे माणसाने बघायचं असतं.

टक्के पाडण्याच्या नादात काय होतं, त्याचा एक नमुना जगप्रसिद्ध आहे. वाक्यं आपोआप बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेलेल्या पेपरांत २०२१ मध्ये तीन संशोधकांना विचित्र शब्द सापडायला लागले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’. त्यांनी याला ‘छळ केलेले शब्दप्रयोग’ असं नाव दिलं. अशा खुणा शोधून पुढे कितीतरी पेपर मागे घ्यावे लागले. तुमच्याकडे जो माणूस ‘पर्यायी शब्द घाला ना मॅडम’ म्हणतो, तो हेच मागत असतो, फक्त हाताने. त्याला रिपोर्ट उघडून दाखवा. हा पिवळा भाग तुमच्याच जुन्या पेपरमधल्या पद्धतीचा आहे, तिथे त्या पेपरचा संदर्भ द्या. हा लाल भाग दुसऱ्याचा आहे, तो अवतरणात घ्या नाहीतर वाचून, बाजूला ठेवून, स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहायचं त्यांनी. तुमचा हात कीबोर्डला लागता कामा नये. ‘मॅडमनी करून दिलं’ हे वाक्य चौकशी समितीपुढे फार वेगळं ऐकू येतं. आणखी एक सांभाळा : व्हॉट्सॲपवर स्वस्तात रिपोर्ट काढून देणारे फिरत असतात. त्यांच्या खात्यात पेपर साठवला गेला, तर नंतर तुमच्या अधिकृत तपासणीत तोच पेपर स्वतःशीच नव्वद टक्के जुळायचा. शोधशुद्धी या सरकारी योजनेतून मिळालेलं सॉफ्टवेअर कॉलेजला उपलब्ध असेल, तर तेवढंच वापरावं.

आणि हे सगळं करायला पेपर तुमच्याकडे आधी यायला हवा. आज तो शेवटच्या दिवशी येतो, जर्नल ठरल्यावर, कधी कधी पैसेसुद्धा भरल्यावर. त्या वेळी तुम्ही काहीही बोललात तरी अपशकुन केल्यासारखंच वाटणार. त्यामुळे सेलचं काम काय, असं प्राचार्यांनी विचारलं तर सांगा : पेपर लिहायला घेताना लोक लायब्ररीत यावेत, एवढंच. तुमच्याकडे त्याला एक तयार दार आहे. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये यूजीसीने ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. त्याच्या सहा घटकांपैकी तीन प्रात्यक्षिकाचे : मुक्त प्रवेश प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार, डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापं. हे तास बऱ्याच ठिकाणी कुणीतरी स्लाइड वाचून उरकतं. संशोधन केंद्राच्या प्रमुखांना भेटा आणि म्हणा, ‘हे तीन घटक मी संगणकासमोर बसवून घेते.’ मुलांना पाच जर्नलं द्या, तीन खरी, दोन नकली, आणि शोधा म्हणा. गाइड मंडळी आपोआप मागच्या बाकावर येऊन बसतील. माझ्याकडे बसली होती.

तिथेच एक गैरसमजही दूर करता येईल. २०१६च्या नियमांत प्रबंध देण्याआधी किमान एक पेपर छापलेला असणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२च्या नियमांत यूजीसीने ती सक्ती काढली. तरी मुलं अजून घाबरून कुठेही पैसे भरतात. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, म्हणून ताजं परिपत्रक बघूनच सांगायचं, पण ‘अट आहे म्हणे’ या ‘म्हणे’वर कुणाचे पाच हजार जाऊ देऊ नका.

एकटीने काय पेलेल? आठवड्यातून एक तास. समजा मंगळवारी तीन ते चार, काउंटर अटेंडंटकडे, तुम्ही वाचनकक्षाच्या कोपऱ्यात. पहिले दोन महिने कुणी येणार नाही, तेव्हा प्रत्येक शिक्षकाचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढून द्या. सोळा अंकी असतो, फुकट मिळतो. आपल्याकडे जोशी, पाटील आणि म्हात्रे इतके आहेत की त्याशिवाय कुणाचा पेपर कुणाच्या नावावर जाईल, सांगता येत नाही. लागणारा लेख मिळत नाही अशी तक्रार आली, तर एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-जर्नल सेवेवर शोधून द्या. तिथे नसेल तर लेखकालाच मेल करायला शिकवा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नलांच्या वर्गणीची सरकारी योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे, सुमारे १३,००० जर्नलं त्यात आहेत, पण ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी. तुमचं अनुदानित कॉलेज त्यात बसतं का, हे ती योजना राबवणाऱ्या इन्फ्लिबनेटला लेखी विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका.

आणि हल्लीचं एक काम, ज्यात तुमचा हात कुणी धरणार नाही : संदर्भसूची तपासणं. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेले संदर्भ येतात. लेखक खरा, जर्नल खरं, खंड आणि पानंही दिलेली, फक्त तो लेख कधी कुणी लिहिलेलाच नसतो. सूचीतले दहा संदर्भ उचलून शोधायला तुम्हाला वीस मिनिटं लागतील. ते सापडले नाहीत, तर पेपर पाठवण्याआधी लेखकाला सांगितल्याचे उपकार तो जन्मभर विसरणार नाही. निदान विसरू नये.

नकोत त्या गोष्टीही सांगते. संस्थेची डिजिटल रिपॉझिटरी (पेपरांचा ऑनलाइन संग्रह) आत्ता उभारायला जाऊ नका. एका माणसाने सुरू केलेल्या अशा रिपॉझिटऱ्या सर्व्हरसकट बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. कॉलेजच्या सगळ्या पेपरांची एक साधी एक्सेल ठेवा, नॅकलाही तीच लागते. छापून आलेल्या पेपरची स्वीकृत प्रत सार्वजनिक करता येते का, हे जर्नलगणिक वेगळं असतं. पूर्वी शेर्पा रोमिओ म्हणायचे त्या सेवेवर ते बघता येतं, पण ते कुणी विचारलं तरच. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो, तो आकडा) विचारत येणाऱ्यांना मात्र एवढं सांगाच, की तो आकडा जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे, आणि वेबसाइटवर मिरवलेले ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’, ‘कॉस्मॉस’ वगैरे फॅक्टर हे वेगळेच धंदे आहेत. मराठी विभागाला स्कोपसची फूटपट्टी लावू देऊ नका. त्यांच्या नियतकालिकांची परंपरा वेगळी आहे, ती पारखायला जुने अंकच हातात घ्यावे लागतात.

देवघेवीचं काम, असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला आपल्याच गावातली एक गोष्ट आठवली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये ज्यांनी सुरू केलं, ते वि. ल. भावे जुन्या कवींची हस्तलिखितं गोळा करायचे आणि पुढे ‘महाराष्ट्र कवि’ नावाच्या मासिकातून ती छापायचे. पुस्तकं जमवणं, संशोधन आणि छापणं हे सगळं एकाच माणसाकडे. देवघेवीच्या काउंटरचं दार पुढे कधीतरी मध्ये आलं.

राहता राहिले सर. त्यांना भेटा, आणि शंका आली होती हे आधी कबूल करा. ‘सर, मला तेव्हा खटकलं होतं, मी बोलले नाही, चूक झाली.’ एवढंच, स्पष्टीकरणं नकोत. रागावले तर रागावू द्या. मग कामाचं बोला. पेपर मागे घ्या, असं त्या वेबसाइटला लेखी कळवायचं आणि मेलची प्रत जपून ठेवायची. त्यासाठी ते पैसे मागतील, द्यायचे नाहीत. तोच पेपर जसाच्या तसा दुसरीकडे गुपचूप पाठवायचा मोह होईल, तो टाळायला सांगा. पुढे कुणीतरी शोधून काढतं आणि मग सरांवरच दुहेरी प्रकाशनाचा ठपका येतो. नव्या जर्नलच्या संपादकांना आधीच झालेला प्रकार मोकळेपणाने लिहावा, सोबत त्या मेलची प्रत जोडावी. काही संपादक नाही म्हणतील, काही विचार करतील. त्याहून बरं म्हणजे नव्या मोसमाची मोजणी घालून नवा पेपर लिहिणं. खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून तिथल्या चिखलात काय जगतं याची माहिती हवी असलेले लोक वाढले आहेत, आणि तुम्ही लिहिता त्याप्रमाणे सरांकडे सहा वर्षांच्या नोंदी आहेत.

त्या नोंदी कुठे ठेवल्या आहेत ते मात्र पहिल्याच भेटीत विचारा. सरांच्या घरच्या लॅपटॉपवर एकाच फोल्डरमध्ये असतील, तर जाताना हार्ड डिस्क घेऊनच जा.